पेटीवाल्यांची देवघेव

आवडलेले रेकॉर्डिंग दुसऱ्याला देणे ही कृती दिसायला सरळ आहे, पण तिचे तीन घटक वेगळे काढता येतात. पहिला घटक म्हणजे प्रत्यक्ष नाद. दुसरा म्हणजे त्याची ओळख : वाजवणारा कोण, ठिकाण कोणते, साल कोणते, पट्टी कोणती, तबल्यावर कोण. तिसरा घटक म्हणजे खूण, ‘अंतऱ्यावरून मुखड्यावर येताना डावा हात भात्यावर काय करतो ते ऐक’ असे देणाऱ्याने घेणाऱ्याला सांगणे. नाद खराब होईल ही चिंता सगळेच करतात. माझे म्हणणे असे की तिघांत सर्वांत चिवट नादच आहे. खूण पहिल्या हस्तांतरातच गळते, ओळख दुसऱ्या-तिसऱ्यात, आणि मग उरतो तो बेवारशी नाद. पेटीवाल्यांच्या बाबतीत ही गळती विशेष महाग का पडते, ते पाहू.

खालापूर तालुक्यात पियानो शोधायला निघालात तर एखाद्या शनिवार-रविवारच्या बंगल्यापलीकडे फारसे काही हाती लागणार नाही. स्वरपट्ट्यांचे वाद्य म्हणून इथे नांदते ती पेटी. गावच्या देवळात, भजनी मंडळाच्या कपाटात, बुवांच्या घरी कापडी खोळीत. खोपोली-कर्जत पट्ट्यात पेटी शिकलेला माणूस आधी भजनात बसतो, मग जमले तर नाट्यपदांकडे आणि रागांकडे वळतो. या मंडळींत रेकॉर्डिंगे फिरतात, पूर्वी कॅसेटवर, आता फोनवर. पियानोप्रेमींची जगभर चालणारी देवघेव आणि यांची देवघेव ही भावंडे आहेत, पण एका मूलभूत फरकासह.

पियानोवाल्यांच्या हातात लिखित संहिता असते. बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ग्लेन गूल्डने 1955 मध्ये मुद्रित केल्या त्या सुमारे 38 मिनिटांत, आणि 1981 मध्ये पुन्हा केल्या त्या सुमारे 51 मिनिटांत. दुसऱ्या वेळी त्याने काही पुनरावृत्त्या घेतल्या, लयही बदलली. स्वर कागदावर तेच असल्यामुळे दोन मुद्रणांतला फरक बोट ठेवून दाखवता येतो : अमुक व्हेरिएशन, अमुक ओळ. आपल्याकडे यमनची दोन वादने समोरासमोर ठेवली तर बोट कुठे ठेवणार? एकात आलेली जागा दुसऱ्यात आलीच नसेल. म्हणून आपल्या देवघेवीत संहितेचे काम खुणेला करावे लागते. खूण गेली की तुलना गेली, आणि तुलना गेली की आवडीला फक्त ‘अप्रतिम’ एवढाच शब्द उरतो. तो शब्द मला अलीकडे सोसवत नाही.

याला मोठा अपवाद नाट्यसंगीताचा. 1916 साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत स्वयंवर’च्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. बुवा 1922 मध्ये गेले आणि त्यांच्या गळ्याची एकही तबकडी आपल्यापाशी नाही. पण त्यांच्या चाली बालगंधर्वांच्या तबकड्यांवर आहेत, आणि तीच पदे पेटीवर वाजवलेली मुद्रणेही आहेत. श्रोत्याला मूळ पद शब्दांसकट पाठ असते, म्हणजे इथे संहिता कागदाऐवजी कानात असते. गोविंदराव पटवर्धनांच्या (1925–1996) पेटीतून शब्द ऐकू येतात असे जे म्हटले जाते, त्यातला निम्मा पराक्रम गोविंदरावांचा आणि निम्मा ऐकणाऱ्याच्या स्मरणाचा. ज्याने पद कधी ऐकलेलेच नाही अशा आजच्या मुलाला ते रेकॉर्डिंग नुसते पाठवले, तर त्याला वेगवान बोटे तेवढी ऐकू येतील. त्याला आधी मूळ पद द्यायला हवे, मग पेटी. देण्याचा क्रम हाही खुणेचाच भाग आहे.

आता ओळखीकडे. पेटीच्या मुद्रणांची ओळख इतकी अडचणीची का, याचे कारण इतिहासात आहे. लायोनेल फील्डन नियंत्रक असताना, 1 मार्च 1940 पासून, ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केले. मींड निघत नाही, बारा स्वर समान अंतरावर बांधलेले, आणि वाद्य परके, असे आक्षेप होते. त्यातले पहिले दोन खोटे नाहीत. पण त्यांवरून एवढी मोठी शिक्षा द्यावी हे काही पटत नाही. त्याच काळात मैफलींत, नाटकांत, कीर्तनांत पेटी बिनदिक्कत वाजत होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बंदी साथीपुरती सैल झाली. स्वतंत्र वादन त्यानंतरही बराच काळ बाहेरच राहिले. परिणाम असा की सतार-सरोदची तासातासाची वादने सरकारी फितींवर, दिनांकासह, नोंदवहीसह जमा होत असताना पेटीला तसे घर मिळाले नाही. तिच्या वाट्याला आल्या त्या पी. मधुकर यांच्यासारख्यांच्या तबकड्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे, आणि बाकी सगळे खासगी : कुणाच्या दिवाणखान्यात स्पूलवर घेतलेली बैठक, गणेशोत्सवात मंचाखाली ठेवलेला टेपरेकॉर्डर. म्हणजे पेटीच्या लांब वादनांचे दफ्तर मुळात मित्रांच्या देवघेवीतच तयार झाले.

याच इतिहासाने एक कसोटीही हाती दिली आहे. ‘रेडिओचे रेकॉर्डिंग, 1955’ असे लिहून आलेल्या गायनात मागे स्वच्छ पेटी वाजत असेल, तर लेबलावर शंका घ्यावी. त्या काळच्या रेडिओच्या गाण्यामागे सारंगी असायची. एक तर ती बैठक खासगी असणार, किंवा साल चुकले असणार. साथीच्या मुद्रणांना पेटीवाल्यांत मान आहे तो निराळ्या कारणाने. गाणे कुमार गंधर्वांचे असते, पण पाठवणाऱ्याला ऐकवायची असते मागची गोविंदरावांची पेटी : गायक थांबला तिथे किती बोलायचे आणि कुठे गप्प राहायचे. असे रेकॉर्डिंग खुणेवाचून पाठवले तर घेणारा गाणेच ऐकेल. त्यात त्याचा दोष नाही.

कॅसेटच्या काळात एक गोष्ट आपोआप घडत असे. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला बहुतेक घरांत साठ मिनिटेच लागत. दोन डेक जोडून बसावे लागे, बाजू पालटायला तिथे हजर असावे लागे. म्हणजे देणाऱ्याने ते पुन्हा एकदा ऐकलेले असे, आणि आतल्या कार्डावर बारीक अक्षरात काहीतरी खरडलेले असे. नव्वदच्या कॅसेटवर पंचेचाळीस मिनिटांनी राग मध्येच तुटायचा; अनेकांना तो तुटण्याचा क्षणही रागाचा भाग म्हणून पाठ झाला आहे. आज न ऐकताच पाठवता येते. पाठवायला लागणारा वेळ आणि ऐकायला लागणारा वेळ यांची फारकत झाली, आणि माझ्या मते खूण गळण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. कॅसेटच्या कार्डाला वाळवी आणि बुरशी लागायची, घाटपायथ्याच्या पावसात तर हमखास. पण निदान लागायला कार्ड असायचे.

ओळखीचा एक अंश मात्र नादातच दडलेला असतो : पट्टी. इथे पेटीवाला बाकीच्या रसिकांपेक्षा भाग्यवान आहे, कारण त्याच्या वाद्याचे स्वर जागचे हलत नाहीत. काळी एक म्हणजे आजच्या प्रमाणात मधल्या सप्तकात सुमारे 277 हर्ट्झ, पांढरी दोन सुमारे 294. दोन लगतच्या स्वरांत सहा टक्क्यांच्या आसपास फरक. आलेल्या रेकॉर्डिंगचा षड्ज 285 निघाला, म्हणजे दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये पडला, तर टेप जवळजवळ तीन टक्के जलद किंवा मंद फिरला आहे. जुन्या डेकचा पट्टा सैल झाला की एवढे सहज होते. तीन टक्के म्हणजे फार नाही असे वाटेल. पण गोविंदरावांची द्रुत लय आहे त्याहून द्रुत भासते, रीडचा आवाज चिरका होतो, आणि शिकणारा पोरगा त्या खोट्या वेगामागे धावत सुटतो. गवयाच्या टेपवर ही चूक पकडणे अवघड, कारण गवयाचा षड्ज कुठेही असू शकतो. पेटीची चूक पेटीच सांगते.

तरीही घाई नको. जुन्या पेट्यांत परदेशी रीड असत, आणि फ्रान्समध्ये 1859 पासून पांढरी सहासाठी 435 हर्ट्झचे प्रमाण होते, आजच्या 440 चे नव्हे. तेवढ्या फरकाने स्वर एका स्वरांतराच्या पाचव्या हिश्श्याइतका खाली येतो. म्हणून थोडे उणे निघाले की लगेच वेग ‘दुरुस्त’ करू नये. निम्म्याजवळ निघाले तर मात्र दुरुस्ती करावी, आणि केली हे लिहून पाठवावे. न सांगता सुधारलेले रेकॉर्डिंग पुढच्या माणसाला मूळ बिघडलेल्याहून अधिक फसवते, कारण त्याच्यावर संशय येत नाही.

फोनमुळे नादाची दोन प्रकारे हानी होते. एक, फोन आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतो. पखवाजाची थाप पडली की पेटी दबते आणि मग हळूहळू वर येते. दोन, व्हॉट्सअॅपवर नुसता बोलून पाठवायचा जो प्रकार आहे तो माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेला आहे, त्यात रीडची वरची सळसळ कापली जाते. फाइल म्हणून पाठवले तर ती टिकते. आणि फोन पेटीवर ठेवू नये : स्वरपट्ट्यांचा खडखडाट आणि भात्याचा श्वास यांखेरीज काही मिळत नाही. चार हात दूर, पखवाजाच्या उलट्या बाजूला ठेवावा.

भजनाच्या रेकॉर्डिंगांत वेगळाच प्रश्न आहे, आणि तो या तालुक्यात रोजचा आहे. खोपोलीजवळ साजगावला कार्तिकीत बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. सुक्या मासळीचा बाजार एकीकडे आणि भजन दुसरीकडे. महडला माघी गणेशोत्सवात वरदविनायकापुढे मंडळे बसतात. समोर फोन उंचावलेले असतातच. भजनी बुवांची अडचण अशी की अभंग सर्वांचा, पण चाल त्यांची. रूपाच्या अभंगाला लावलेली नवी चाल किंवा गजराची बसवलेली उठावणी आज रात्री रेकॉर्ड झाली की पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावी दुसरे बुवा ती म्हणतात, आणि श्रोत्यांत नाव होते त्यांचे. म्हणून काही बुवा बारीला बसण्याआधीच रेकॉर्डिंगला मनाई करतात. याला कोतेपणा म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. गवयाला घराणे असते, बुवांच्या हाती चाल असते. पण मनाईने चाल थांबत नाही, फक्त तिच्यामागचे नाव पुसले जाते. चोरून घेतलेल्या रेकॉर्डिंगवर कुणी बुवांचे नाव लिहीत नाही. राजीखुशीने दिलेल्यावर लिहितात. तेव्हा आपल्या चालीचे श्रेय राखायचे असेल तर बुवांनी रेकॉर्डिंग स्वतःच द्यावे, सुरुवातीला आपले नाव, गाव आणि तिथी उच्चारून. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जान तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत सांगत असे. ते परदेशी तंत्रज्ञांच्या सोयीसाठी होते म्हणतात, पण त्यामुळेच शंभर वर्षांनंतरही त्या आवाजाची मालकी कुणाला विचारावी लागत नाही.

कायद्याचे थोडक्यात. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर 60 वर्षे, कलावंताचा स्वतःच्या प्रयोगावरचा हक्क 50 वर्षे. जुन्या तबकड्या त्यामुळे बव्हंशी मोकळ्या झाल्या आहेत. खासगी बैठकींचे तसे नाही. तिथे घरच्यांना विचारावे, आणि विचारताना त्यांच्याकडून साल, ठिकाण, तबलजीचे नावही घ्यावे. मुंबईत 1990 मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने तबकड्यांसाठी हेच काम केले : ऐकण्याच्या बैठका, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक, याद्या, क्रमांक. तबकडीवर निदान क्रमांक छापलेला असतो. कर्जतच्या एखाद्या माळ्यावरच्या, गणेशोत्सवात भरलेल्या कॅसेटवर तोही नसतो, आणि त्या रात्री तिथे बसलेले लोक आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना ती कॅसेट ऐकवून ते काय सांगतात तेच आधी रेकॉर्ड करून घ्यायला हवे. पेटी त्यानंतर उतरवली तरी चालेल.