शाळूची निवड कोणी केली?

मंगळवेढा तालुक्यात मी दहावीला विज्ञान शिकवते. निवडीचा धडा आला की जिराफाच्या मानेआधी ज्वारीचं कणीस काढते. इथल्या पोरांनी शाळू पेरण्यापासून काढणीपर्यंत पाहिलेला असतो.

रानटी ज्वारीचे दाणे पिकले की आपोआप झडतात. ते तिच्या फायद्याचंच. पण माणूस कणसं कापून घरी नेऊ लागला तेव्हा झडलेले दाणे मातीतच राहिले. देठाला धरून राहिलेले तेवढे घरी आले आणि त्यांतलेच पुढच्या वर्षी पेरले गेले. पूर्व सुदानात कसाला परिसरातल्या सुमारे 5000 वर्षांपूर्वीच्या खापरांवर ज्वारीच्या दाण्यांचे ठसे सापडले आहेत. त्यांत रानटी आणि माणसाळलेली, दोन्ही रूपं आहेत. न झडणारी ज्वारी घडवायची, असं तेव्हा कोणी ठरवलेलं नव्हतं. 1859च्या पुस्तकात डार्विनने अशा प्रकाराला अजाणता झालेली निवड म्हटलं.

आमच्या खळ्यावरची निवड मात्र जाणून केलेली. मळणीआधी भरदार, मोत्यासारख्या दाण्याची कणसं बियाण्याला बाजूला काढायची. काणी लागलेलं कणीस घ्यायचं नाही. भाकरी गोड हवी आणि बैलांना कडबाही पुरायला हवा, म्हणून धाट उंच हवं. अशा पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या स्थानिक मालदांडीतून 1930च्या दशकात मोहोळला शास्त्रज्ञांनी एक वाण निवडून काढला: मालदांडी 35-1. काळ्या रानातल्या ओलीवर येणारा हा वाण आजही पेरला जातो.

इथवर वर्ग खूश असतो. मग मी कापसाकडे वळते. बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी कापसाला देशात 2002 साली परवानगी मिळाली, 2006 साली दोन जनुकांचं बियाणं आलं आणि 2017 साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली बोंडं पोखरली. “अळीला विषाची सवय झाली,” असं कोणीतरी म्हणतंच. सवय एकाही अळीला झाली नाही. मुळातच विष पचवू शकणाऱ्या थोड्या अळ्या होत्या; बाकीच्या मेल्या, यांची पिलावळ वाढली. 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत बिगरबीटीची 120 ग्रॅमची पुडी मिळायची. त्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांशी संकर होऊन प्रतिकार पसरायला वेळ लागावा, हा तिचा हेतू. पुष्कळ ठिकाणी ती पुडी पेरलीच गेली नाही.

‘माणसाने केली ती कृत्रिम निवड’ एवढं लिहिलं की परीक्षेत गुण मिळतात. मी पुढे विचारते, मग ही बोंडअळी कोणी निवडली? वर्गात दोन तट पडतात. मला तो वाद हवा असतो, कारण तेव्हा पोरं आपल्या हेतूचा विचार सोडून, रानात कोण जगलं आणि कोणाची पिल्लं वाढली, हे मोजायला लागतात.