बाळाची गोधडी

यंदा दिवाळीच्या साफसफाईत आईची ट्रंक माळ्यावरून खाली उतरली. आईला जाऊन दोन वर्षे झाली. तेव्हापासून तिला कोणी हात लावला नव्हता. यंदा लावावा लागला, कारण धाकट्या बहिणीला श्रावणात मुलगी झाली आणि मावशीने तिच्यासाठी गोधडी शिवायचे मनावर घेतले. ट्रंकेत जुने परकर निघाले, खणांचे तुकडे निघाले आणि अगदी तळाशी आईचे हिरवे इरकली लुगडे निघाले. धुऊन धुऊन ते सायीसारखे मऊ झाले होते.

"हेच मधोमध घालू," मावशी म्हणाली.

बहिणीने ते झटकन उचलून छातीशी धरले. "याला कात्री लावायची नाही, मावशी. आईचं एवढं एकच अख्खं लुगडं राहिलंय."

झाले! मी पडलो शाळामास्तर. तंटा वाढू नये म्हणून गणिताच्या वहीतला चौकटींचा कागद फाडला आणि गोधडीचा नकाशा आखू लागलो. मावशीला हसू आले. "अरे, गोधडी कागदावर होत नाही, जमिनीवर होते. तुकडे मांडायचे, उठून लांबून बघायचे, पुन्हा हलवायचे."

तिचे म्हणणे खरे. पण जमिनीकडे पाहूनच तुकड्यांचा नकाशा सुचल्याची एक फार जुनी कथा आहे. पाली विनयपिटकातील महावग्गात ती येते. गौतम बुद्ध राजगृहाहून दक्षिणगिरीकडे चालले होते. वाटेत मगधातली शेते दिसली: उभे बांध, आडवे बांध, मध्ये चौकोनी वाफे. त्यांनी आनंदाला विचारले, भिक्षूंची चीवरे अशी शिवता येतील का? आनंदाने तशी शिवून दाखवली. लांब बांधाला 'कुसि', अर्ध्या बांधाला 'अड्ढकुसि', मधल्या वाफ्याला 'मण्डल' अशी शिवणीतल्या भागांना नावे पडली. भिक्षूंच्या चीवरात शेताची ती आखणी आजही टिकून आहे.

अख्खे कापड असताना ते कापून जोडायचे कशाला? कारण मोठे मार्मिक आहे. कापलेल्या कापडाला बाजारात भाव नसतो, म्हणून त्याचा लोभ कोणाला सुटत नाही. ज्याचे आहे त्याच्याच अंगावर ते राहते.

भिक्षूंबरोबर ही चीवरे व्यापारी मार्गांनी चीनपर्यंत गेली. 1907 साली ऑरेल स्टाइन तुनह्वांग येथील सहस्रबुद्ध लेण्यांत पोहोचला. तिथल्या भिंत घालून बंद केलेल्या एका दालनातील वस्तूंत रेशमी तुकडे जोडून केलेले एक वस्त्र त्याला मिळाले. ते हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे असून आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच चीनमध्ये तान्ह्या मुलासाठी शंभर घरांतून चिंध्या मागून अंगरखा शिवण्याची रीत होती. शंभर घरांचा आशीर्वाद अंगावर असला की मूल जगते, अशी श्रद्धा. ज्या काळी घरोघरी पाळणे रिकामे होत, त्या काळातल्या आईची ही धडपड होती. आपल्याकडेही बाळाला पहिले कापड जुनेच लागते. त्यात दृष्टीची भीती असेल. पण जुन्या सुताइतके मऊ दुसरे काही नसते, हेही आहेच.

इतके दूर जायला नको. गोव्याच्या दक्षिणेला उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानांतून सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीज अमलात गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांपैकी अनेकजण सुटून घाटावरच्या रानात शिरले. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला 'कवंदी' म्हणतात. टाका कडेने सुरू होतो आणि फेऱ्या घेत आत येतो. चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची 'फुले' बसतात. ज्यांचा गाव, नाव, सारे हिसकावले गेले, त्यांनी चिंध्यांतून आपली खूण राखली.

आपल्या देशावर मात्र गोधडी हा लुगड्याचा शेवटचा मुक्काम. लुगडे मध्ये विरले की विरलेला भाग काढून दंड घालायचा. दंडही फाटला की मुलींचे परकर, बाळाची झबली. आणि उरेल त्याची गोधडी. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि 1856 साली गिरणी चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तसा गिरणीच्या सुताचाही थर गोधडीत आला. मग नायलॉन आले. ते विरतही नाही आणि घामही टिपत नाही. बाळाच्या गोधडीत मावशी त्याला थारा देत नाही.

तिची मांडणी पाहण्यासारखी असते. दोन हात रुंद, अडीच हात लांब एवढे माप. मधोमध सर्वांत मऊ सूत, कारण बाळाचा गाल तिथे टेकतो. खण आणि जाड शिवणी कडेला. जर, टिकली, बटण मुळीच नाही. ठसठशीत रंग कोपऱ्यांकडे, म्हणजे पालथे पडू लागलेले मूल त्यांच्याकडे झेपावते. चहूबाजूंनी काठ, आणि काठापासून आत येणारा बोटभर अंतराचा धावदोरा.

मगधाच्या शेतांची कथा मी त्या दोघींना तुकडे मांडता मांडता सांगितली. बहीण काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दादा, म्हणजे ट्रंकेत ठेवलं तर ते लुगडं. कापलं तर तिचं."

कात्री तिनेच घेतली. पहिला काप देताना हात थरथरला, आणि मावशीने तोंड फिरवून सुईत दोरा ओवायला घेतला.

वसुबारसेला गोधडी पुरी झाली. मधला हिरवा चौकोन जरा तिरका बसला आहे. माझा कागद बिनचूक होता. पण तो अजून वहीतच आहे, आणि त्या तिरक्या चौकोनावर आईची नात गाढ झोपली आहे.