छऱ्याची बंदूक, चिमणी आणि पक्ष्यांची नावं

आजचा विषय आहे मुलं आणि पक्षी, पण आपण तो इतिहासाच्या बाजूने बघणार आहोत. मुलांच्या हातून पक्षी वाचवायचे कसे, या प्रश्नाचं एक उत्तर शंभरेक वर्षांपूर्वी मुंबईतच मिळालं होतं.

सुरुवात कायद्यापासून करू. १८८७ साली इंग्रज सरकारने रानपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचा रोख बाजारावर होता. विणीच्या हंगामात नगरपालिकेच्या आणि छावणीच्या हद्दीत नुकतेच मारलेले पक्षी बाळगायला, विकायला त्याने बंदी घालता यायची. १९१२ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. पण घरामागे छऱ्याची बंदूक घेऊन उभा असलेला पोरगा? त्याला असल्या कायद्याची गंधवार्ताही नव्हती.

असा एक पोरगा गिरगावात, खेतवाडीला राहत होता. सालिम अली, जन्म १८९६ चा. आईवडील लहानपणीच गेलेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळलेला. तबेल्यात एका भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर. याने नर टिपला. थोड्या वेळाने मादीने दुसरा नर आणला. तोही टिपला. सात दिवसांत आठ नर! आज ऐकताना कसंतरीच होतं. पण पुढचं ऐका. पोराने हे सगळं लिहून ठेवलं होतं. पुढे ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या १९८५ च्या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच ती नोंद दिली. म्हणजे मारणारा हात आणि निरखणारा डोळा एकाच मुलाचे होते.

मग एकदा गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी पडली. ही खायला चालते का, अशी शंका आली. मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. ही संस्था १८८३ मध्ये आठ जणांनी काढली, आणि त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघे होते, बरं का.

तिथले सचिव मिलार्ड साहेब. त्यांनी पक्षी ओळखला, नाव सांगितलं, कपाटातले खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. एका मोठ्या माणसाने एका मुलासाठी वेळ काढला, आणि भारतातल्या पक्षिशास्त्राची दिशा बदलली. अर्थात, त्या काळी अभ्यास म्हणजे पक्षी मारून त्याचा नमुना करणं. तेव्हा हा धडा जसाच्या तसा गिरवायचा नाही. घ्यायचं ते एवढंच, की मुलाच्या प्रश्नाला ‘जा, खेळ जा’ म्हणून वाटेला लावलं नाही.

१९४१ साली सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं. रंगीत चित्रं, त्यामुळे न मारता पक्षी ओळखता येऊ लागला. पण पुस्तक इंग्रजीत. आता नावांची गंमत बघा. एक पक्षी उन्हाळ्यात सारखा ओरडतो. इंग्रजाला त्यात ‘ब्रेन फीवर’ ऐकू आलं, म्हणजे मेंदूचा ताप. आपल्या शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ ऐकू आलं, म्हणून तो पावशा. आवाज एकच, पण मराठी नावात पाऊस आहे, पेरणी आहे.

ही नावं गोळा करण्याचं मोठं काम मारुती चितमपल्लींनी केलं. सोलापूरचे, नोकरी वनखात्यात. रानात राहणाऱ्या माणसांकडून ते पक्ष्यांची नावं, सवयी शिकत गेले आणि त्यातून मराठीत ‘पक्षिकोश’ उभा राहिला. गुरं राखणाऱ्या पोराला टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते हे पाठ असतं. शाळेत मात्र त्याला ते कुणी विचारत नाही. मोराचं चित्र रंगव म्हणतात, आणि तास संपतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंडी फोडणं, घरट्याला त्रास देणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत आलं. कायदा हवाच. पण गावाबाहेरच्या बाभळीवरचं सुगरणीचं घरटं वाचतं ते बहुधा त्या वाटेने जाणाऱ्या पोरांमुळे. नाव माहीत असलेल्या पाखरावर गलोल रोखताना हात थोडा अडखळतो.

चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. यंदा त्या आठवड्यात शाळेत भाषण द्यायची वेळ आली, तर आधी मुलांना बोलू द्या. याला तुमच्याकडे काय म्हणतात, एवढं विचारा. उत्तरं वहीत लिहून घ्या, सांगणाऱ्या मुलाच्या नावासकट.

आता प्रश्न घेऊया.