पाया खणतांना

इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्क शहराच्या जुन्या भागांत एखाद्या दुकानदारास नवी मोरी बसवावयाची असली, तरी पुष्कळदां तिच्या चराशीं एक मनुष्य वही व मोजपट्टी घेऊन उभा असतो. तो मुकादम नव्हे, कर वसूल करणाराहि नव्हे. मातीचा रंग कोठें बदलला, राखेचा थर किती खोलीवर लागला, एवढें तो टिपून घेतो. बहुतेक वेळां हातीं कांहींच लागत नाहीं. पण तेंहि लिहून ठेवावें लागतें.

या खटाटोपाचें कारण तेथल्या जमिनींत आहे. इ. स. ७१ च्या सुमारास रोमन सैन्यानें येथें तळ दिला. पुढें अँग्लियन लोक आले. ८६६ सालीं व्हायकिंगांनीं शहर घेतलें. नंतर नॉर्मन आले. प्रत्येकानें मागल्यांच्या उकिरड्यावर घर बांधलें. कॉपरगेट म्हणजे लाकडी पेले घडविणाऱ्यांची आळी. तिच्या खालची माती ओली असल्यानें तींत हवा शिरत नाहीं, आणि म्हणून लाकूड व चामडें हजार वर्षें टिकलें. १९७२ सालीं जवळच एका बँकेच्या बांधकामांत कोणा व्हायकिंग गृहस्थाची टणक झालेली विष्ठा सांपडली! सभ्य श्रोत्यांनीं क्षमा करावी. परंतु तो मांस व भाकरी खात असे आणि त्याच्या पोटांत जंत होते, हें तीवरूनच कळलें. राजांच्या बखरींत असें कोणी लिहीत नाहीं.

कॉपरगेटला १९७६ ते १९८१ पर्यंत रीतसर उत्खनन होऊन सुमारें ४०,००० वस्तू मिळाल्या. तज्ज्ञ निघून गेले. उरलेल्या जागेंत बांधकाम सुरू झालें व तेथें केवळ देखरेख राहिली. १२ मे १९८२ रोजीं यंत्राच्या फावड्यास कांहीं कठीण लागलें. चालकास प्रथम तो दगड वाटला. तरी त्यानें यंत्र थांबवून पाहिलें. तें आठव्या शतकांतील लोखंडी शिरस्त्राण होतें. मानेवर कड्यांची जाळी, माथ्यावरील पितळी पट्टीवर लॅटिन प्रार्थना आणि तींत ओशेरे हें नांव. पांच वर्षें जपून माती उकरणाऱ्यांस जें मिळालें नाहीं, तें यंत्राच्या तोंडीं आलें. चालकानें दुर्लक्ष केलें असतें, तर तें राडारोड्याबरोबर गेलें असतें.

१९७९ च्या कायद्यानें ठरविलेल्या पांच शहरांत यॉर्क आहे. १९८४ पासून तेथें जमीन खणण्यापूर्वीं सहा आठवडे सूचना देण्याचा नियम झाला. १९९० नंतर खर्चहि बहुधा बांधणाऱ्यावर पडूं लागला. घरमालक कुरकुरतात, आणि त्यांत नवल नाहीं.

देखरेखीची मर्यादाहि मोठी आहे. नळाचा चर हातभर रुंद. त्यांत रोमन भिंतीचा कोपरा दिसला, तरी ती भिंत कोणीकडे जाते हें पाहण्यास शेजारची जमीन खणतां येत नाहीं. कोपरा नकाशावर मांडावयाचा, आणि शेजाऱ्याची मोरी फुटेपर्यंत वाट पाहावयाची.