ब्रेक क्यू : जड घ्यावी की हलकी?

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस पूलच्या काठीवर बोलणार, म्हणून काही जण आधीच हसताहेत. हसा. पण विषय कसा निघाला ते आधी सांगतो.

कोलशेत हे मूळचं खाडीकाठचं गाव. मग रसायनांचे कारखाने आले, आणि आता त्याच जमिनींवर टॉवर. टॉवर आला की क्लबहाउस येतं, क्लबहाउस आलं की पूलचं टेबल. गेल्या वर्षी आमच्या संकुलात त्या टेबलासाठी ब्रेक क्यू घ्यायची ठरली. ब्रेक म्हणजे डावाचा पहिला फटका, रचलेले बॉल फोडण्याचा. त्यासाठी बरेच जण वेगळी काठी ठेवतात. बैठकीत एकच प्रश्न विचारला गेला, ‘सगळ्यात जड कोणती मिळेल?’ 21 औंसांची आली. हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो.

पुढं काय झालं? आठवीतली एक मुलगी रोज खेळायला यायची. ती काठी तिच्या हातात डोलायची, पांढरा बॉल टेबलाबाहेर उडायचा. एक काका म्हणाले, ‘अगं, ताकदीचा खेळ आहे हा, तुला नाही जमायचा.’ ती यायचीच थांबली. तेव्हा आम्हाला वाटलं, आपण हात वर केला तो कशाच्या आधारावर? जड म्हणजे जोरदार, हे आपल्याला कुणी सांगितलं?

आधी इतिहास बघू. युरोपात सुरुवातीला बिलियर्ड्स टोकदार काठीनं खेळतच नसत. जड डोक्याचा एक दांडा असे, त्यानं बॉल ढकलायचा. बॉल टेबलाच्या कडेला चिकटला की ते डोकं आड यायचं. मग खेळाडू दांडा उलटा धरून शेपटीनं मारू लागले. फ्रेंचमध्ये शेपटीला म्हणतात ‘क्यू’. म्हणजे बघा, क्यूची गोष्ट जड डोकं बाजूला ठेवण्यापासून सुरू होते. त्या टोकाला चामड्याची टोपी बसवण्याचं श्रेय मँगो नावाच्या एका फ्रेंच कप्तानाला देतात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. मग बॉलला फिरकी देता येऊ लागली, खेळ ढकलण्याचा राहिला नाही.

आपल्याकडे हा खेळ इंग्रजांच्या छावण्यांतून आणि जिमखान्यांतून आला. स्नूकर तर जन्मलाच इथे. 1875 साली जबलपूरला नेव्हिल चेंबरलेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं तो सुरू केला. हे पुढचे पंतप्रधान चेंबरलेन नव्हेत बरं का, नावात गल्लत होते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली कलकत्त्याला जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. कोणत्याही खेळातले ते भारताचे पहिले वैयक्तिक जगज्जेते. 1964 साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा करून दाखवलं. नंतर मुंबईच्या मायकेल फरेरांनी तीनदा तेच विजेतेपद आणलं.

या मंडळींच्या खेळात दणका देऊन सुरुवात नव्हती. स्नूकरचा पहिला फटका म्हणजे लाल बॉलच्या घोळक्याला कडेनं हलकेच शिवायचं आणि पांढरा बॉल सुखरूप परत आणायचा. दणक्याचा ब्रेक हा अमेरिकन पूलचा. तो आपल्या पार्लरांत आणि क्लबहाउसांत अलीकडे आला, आणि येताना ‘जड काठी, मोठा आवाज’ ही समजूत घेऊन आला.

आता ही समजूत तपासू. कॅरम आपण सगळ्यांनी खेळलाय. स्पर्धेत स्ट्रायकर 15 ग्रॅमपेक्षा जड चालत नाही, आणि सोंगटी असते साधारण 5 ग्रॅमची. म्हणजे तिप्पट. पूलचा बॉल जास्तीत जास्त 6 औंसांचा आणि क्यू 18-19 औंसांची. पुन्हा तिप्पटच! मारणारी वस्तू तिप्पट जड असेल आणि टक्कर आदर्श असेल, तर मार खाणारी वस्तू मारणारीच्या दीडपट वेगानं सुटते. चौपट जड केली तर 1.6 पट. कितीही जड करा, दुपटीच्या पुढं जातच नाही.

18 ऐवजी 21 औंसांची क्यू घेतली म्हणजे 85 ग्रॅम वाढवले, जुन्या मापात जवळजवळ दीड छटाक. क्यूचा वेग तोच राहिला, तर बॉल जेमतेम 4 टक्के जोरात जातो. पण हातानं दिलेली ऊर्जा तेवढीच राहिली, तर क्यूचाच वेग सुमारे 7 टक्के घटतो आणि बॉल उलट 4 टक्के हळू जातो. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठंतरी, कारण काठीबरोबर आपला हातही हलत असतो आणि त्याचं वजन काठीपेक्षा जास्त. म्हणजे वजनानं पडणारा फरक अगदी थोडा. पहिल्या बॉलवर फटका मधोमध बसला की नाही, यानं मात्र प्रचंड फरक पडतो.

आमच्या विषयातलं एक सांगतो. वैशेषिकांनी ‘गुरुत्व’ हा एक गुण मानला, पण त्याचं काम सांगितलं ते खाली पडणं. ‘वेग’ त्यांनी वेगळा काढून ‘संस्कार’ या गुणात घातला. त्या संस्काराचे प्रकार तीन : वेग, भावना म्हणजे मनावर उमटलेला ठसा, आणि स्थितिस्थापक, म्हणजे वाकवलेली वस्तू पूर्वस्थितीला आणणारा. त्यांच्यापुढं पूलचं टेबल नव्हतं हे उघड आहे. पण जडपणा आणि वेग या दोन गोष्टी आहेत, एवढं ते जाणून होते. आमच्या बैठकीत आम्ही त्या एक करून टाकल्या.

मग क्यू निवडायची कशी? जागतिक नियमांत 25 औंस ही वरची मर्यादा आहे, खालची मर्यादा नाहीच. आपण रोज ज्या वजनाची क्यू वापरतो, तिच्यापासून सुरुवात करावी. बऱ्याच क्यूंच्या मागच्या टोकात वजनाचा स्क्रू असतो, तो बदलून अर्धा-एक औंस इकडेतिकडे करून बघावं. प्रत्येक वजनाला वीस ब्रेक. वहीत लिहायचं : पांढरा बॉल कुठं थांबला, किती बॉल पडले, फटका मधोमध बसला का. आवाज लिहायचा नाही.

आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो, चूक आमची होती असं सांगितलं आणि तिलाच वही धरायला बोलावलं. तीन संध्याकाळी हा प्रयोग चालला. तिचं 18 औंसांवर जमलं. काकांनीही हट्टानं वीस-वीस ब्रेक मारले. त्यांचा आकडा 19 वर चांगला निघाला, 21 वर नाही. ते दोन दिवस बोलले नाहीत, मग स्क्रू कुठं मिळतो ते विचारायला आले.

आता प्रश्न विचारा. ती वही आम्ही आणली आहे, ज्यांना आकडे बघायचेत त्यांनी पुढं यावं.