वाहन नवं, प्रश्न जुनाच

मंडळी, नव्या वाहनसेवा म्हटलं की आपण लगेच मोबाइलवर येतो. आज जरा घोड्यांपासून सुरुवात करू.

९ मे १८७४ रोजी मुंबईत ट्राम सुरू झाली. तिला घोडे ओढत. एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून पायधुणीला. चालवणारी कंपनी खासगी. भाडं तीन आणे. साध्या मजुराला ते जडच. पुढे ते दोन आण्यांवर आलं. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, घोडे गेले. मग ट्राम कंपनीनेच १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी बस सुरू केली. म्हणजे ट्रामची सवत ट्रामच्याच घरात आली!

इथवर ही कहाणी यंत्राची आहे. पण खरा बदल आपल्याला दिसतो तो ७ ऑगस्ट १९४७ ला. त्या दिवशी हा सगळा कारभार महापालिकेकडे आला. रूळ तेच, गाड्या त्याच; पण आता भाडं का वाढलं, अमुक वस्तीत बस का नाही, हे नगरसेवकाला विचारता येऊ लागलं. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम दादरला गेली. ट्राम संपली, पण विचारण्याचा हक्क उरला.

आज काय चाललंय? अ‍ॅपवरच्या टॅक्सीचं भाडं पाऊस पडला की चढतं. ते कोणी ठरवलं, हे चालकालाही सांगता येत नाही. तिकडे ‘बेस्ट’च्या स्वतःच्या गाड्या कमी होत गेल्या आणि कंत्राटदारांच्या भाड्याच्या गाड्या वाढल्या. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपयांवर आणलं, तेव्हा प्रवासी परत आले. मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झालं.

आम्ही नव्या सेवांच्या विरोधात नाही. विजेची बस हवी, अ‍ॅपही हवं. पण रात्री उशिरा कामावरून सुटलेल्या बाईला घरी सोडणारी, कदाचित तोट्यातच चालणारी बस कोण चालवणार? आणि ती बंद पडली, तर जाब कोणाला विचारायचा? १९४७ मध्ये या शहराने याचं एक उत्तर दिलं होतं. ते हातचं घालवण्याआधी आपण निदान त्यावर उघडपणे बोलायला हवं.