उष्णतेची वाट अडविणारे कण

1821 साली बर्लिन येथे टॉमास योहान झेबेक याने दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या टोकांशी जोडून त्यांचे कडे केले आणि एका सांध्यास ऊब दिली. जवळची होकायंत्राची सुई हलली. सुई हलली त्या अर्थी चुंबकत्व उत्पन्न झाले, असे झेबेकने ठरविले. पृथ्वीचे चुंबकत्वदेखील ध्रुव व विषुववृत्त यांच्या तापमानांतील फरकामुळेच असावे, इथपर्यंत त्याची मजल गेली. कड्यातून विद्युत्प्रवाह वाहतो हे ओळखले ते कोपनहेगनच्या अर्स्टेडने. झेबेकला ती कल्पना कधी रुचली नाही. बिचाऱ्याने पुष्कळ धातू व खनिजे तपासली होती. त्यांतलीच योग्य जोडी निवडली असती, तर त्या काळच्या वाफेच्या यंत्राच्या तोडीचे, शेकडा 3 कार्यक्षमतेचे वीजयंत्र त्याच्या हाती आले असते, असे पुढे सोव्हिएत शास्त्रज्ञ योफे याने दाखवून दिले.

मग शंभर-सव्वाशे वर्षे हा शोध बहुतांशी तापमापकापुरताच का राहिला? याचे कारण धातूंच्या स्वभावातच आहे. वीज चांगली मिळावयाची तर पदार्थाने विद्युत्प्रवाहास वाट मोकळी ठेविली पाहिजे, पण उष्णतेची वाट अडविली पाहिजे. नाहीतर तापलेले टोक व गार टोक यांतील फरकच नाहीसा होतो. आणि 1853 साली वीडेमान व फ्रांत्स यांनी दाखविले की, धातूंत या दोन्ही वाटा बरोबरच उघडतात आणि बरोबरच मिटतात. 1909 ते 1911 या काळात आल्टेनकिर्खने चांगल्या पदार्थाची कसोटी गणिताने मांडली. परंतु त्या कसोटीस उतरणारा पदार्थ कोठे होता?

तो अर्धसंवाहकांत सापडला. त्यांत बरीचशी उष्णता इलेक्ट्रॉनांच्या हातून जात नाही, स्फटिकजालकाच्या कंपनांनी जाते. आणि कंपने निराळी अडविता येतात. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पिछाडीस लढणाऱ्या रशियन छापामारांच्या बिनतारी यंत्रांना वीज पुरविण्यासाठी शेकोटीवर ठेवण्याची भांडी तयार झाली. पुढे रॉकेलच्या दिव्याच्या उष्णतेवर रेडिओ चालविणारी साधने वीज नसलेल्या सोव्हिएत खेड्यांत गेली. 1956 साली योफे व त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा उपाय सुचविला: स्फटिकात त्याच जातीचे, पण वजनाने वेगळे अणू मिसळावे. कंपने अडखळतात, इलेक्ट्रॉन फारसे अडखळत नाहीत. इंग्लंडमध्ये गोल्डस्मिडने बिस्मथ टेल्युराइड पुढे आणले होते, ते 1954 साली. छोट्या शीतकपेट्यांत आजही त्याच कुळातले पदार्थ असतात.

परंतु एकटा परका अणू फक्त बारीक कंपनांना अडवितो. ओढ्यातल्या खड्यांनी बारीक तरंग मोडतात. लाट मोडावयास धोंडाच हवा. हा धोंडा म्हणजे धातुशास्त्रातली दुय्यम प्रावस्था, मुख्य पदार्थाच्या पोटात वेगळ्या घटनेचे साकळलेले कण. धातुशास्त्रज्ञांना ही मंडळी अपरिचित नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड विल्मचे ॲल्युमिनियम काही दिवस नुसते ठेवल्याने कठीण झाले, ते अशाच कणांमुळे. फक्त ते कण दिसावयास 1938 साल उजाडावे लागले.

तापविद्युतेत या युक्तीचा खरा बोलबाला एकविसाव्या शतकात झाला. 2004 साली कानात्झिडिस याच्या गटाने शिसे, चांदी, अँटिमनी व टेल्युरियम यांच्या मिश्रणात नॅनोमीटर मापाचे कण दाखविले. 2012 साली त्याच्याच प्रयोगशाळेत कनिष्क विश्वास व इतरांनी लेड टेल्युराइडमध्ये स्ट्राँशियम टेल्युराइडचे कण साकळविले आणि 915 केल्विनला गुणांक 2.2 पर्यंत नेला. अणू, कण व स्फटिककणांच्या सीमा असे लहानमोठे तिन्ही अडथळे तेथे एकत्र आले होते. त्यातली खुबी अशी की, ते कण आजूबाजूच्या जालकाशी रांगेला रांग लावून बसतात, म्हणून विद्युत्भारांना ठेच लागत नाही.

आंतरधातू संयुगांतही हाच प्रयोग झाला. 1903 साली फ्रिट्स हॉयस्लरने तांबे, मँगनीज व ॲल्युमिनियम या चुंबक नसलेल्या धातूंपासून चुंबकीय मिश्रधातू बनविला होता. त्याच्या भाऊबंदांपैकी टायटॅनियम, निकेल व कथिल यांचा 'अर्ध-हॉयस्लर' भक्कम आहे, पण उष्णता फार वाहतो. त्यात निकेल थोडे जास्त घातले की 'पूर्ण हॉयस्लर'चे कण पोटात तयार होतात आणि उष्णता अडते. मात्र हे कण स्वतः धातुरूप असल्यामुळे त्यांचे प्रमाण वाढले की मिळणारा विद्युत्दाब घसरतो. आमटीतल्या मिठासारखेच हे.

म्हणून दुय्यम प्रावस्थेचा सरसकट जयजयकार आम्हांस मान्य नाही. कथिलाच्या सेलेनाइडचा एकसंध स्फटिक 2014 साली 2.6 गुणांकाने गाजला. त्याच पदार्थाच्या अनेककणी गोळ्या मात्र अनेकांच्या हाती भलतीच उष्णता वाहू लागल्या. वाद बरीच वर्षे चालला. 2021 साली कारण उघड झाले: कणांवर कथिलाच्या ऑक्साइडचा पातळ थर बसत होता आणि तोच उष्णतेस आडवाट देत होता. तो काढताच गुणांक 3 च्या वर गेला. येथे दुय्यम प्रावस्था हाच चोर होता!

आणखी एक प्रश्न टिकाऊपणाचा. शेकडो अंश तापमानात वर्षानुवर्षे ठेविले की बारीक कण विरघळून जाड कणांना मिळतात. 1977 साली सुटलेल्या व्हॉयेजर यानांवरील सिलिकॉन-जर्मेनियमचे सांधे असल्या नक्षीवाचूनचे, योफेच्या साध्या मिश्रणाच्या जातीचे आहेत. 2012 साली व्हॉयेजर-1 सौरवाऱ्याचा प्रदेश ओलांडून गेले, तेव्हा प्लुटोनियमच्या ओसरत्या उष्णतेवर ते पस्तीस वर्षांचे सांधे त्यास वीज पुरवीत होते.